कोकरांच्या वाढीचे मॉडेल: चराई, अर्धबंदिस्त आणि बंदिस्त यांची तुलना कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोला तालुक्यातील एका मेंढीपालकाने नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेली दख्खनी कोकरे महिन्याची झाल्यावर तीन गटांत वाटली. पहिला गट नुसत्या चराईवर, दुसरा चरून आल्यावर रोज १५० ग्रॅम खुराकावर आणि तिसरा पूर्ण बंदिस्त. दर पंधरवड्याला वजने घेतली. मादी कोकरांची सरासरी तीन महिन्यांना अनुक्रमे ११, १३ आणि १४ किलो होती, सहा महिन्यांना १४.५, २० आणि २३.५ किलो. एक्सेलमध्ये प्रत्येक गटाला गोम्पर्ट्झचा वक्र (आधी वेगाने आणि मग मंदावत अंतिम वजनाकडे जाणारी वाढ दाखवणारा) बसवला तर आर-स्क्वेअर, म्हणजे वक्र नोंदींना किती जुळतो याचे माप (१ म्हणजे तंतोतंत), तिन्हीकडे ०.९८ च्या वर आले, पण कमाल म्हणजे अंतिम वजन निघाले १६, २४ आणि ३१ किलो. त्यांचे विचारणे असे: चराईवरची दख्खनी मेंढी १६ किलोच्या पुढे जातच नाही, असे समजायचे का? आणि तसे असेल तर सगळा कळप बंदिस्त करावा का?

आधी तुमचे मनापासून अभिनंदन. आपल्याकडे वजनकाटा घेऊन पंधरवडा न चुकवता कोकरे तोलणारे मेंढीपालक फार थोडे आहेत. या नोंदींची किंमत मोठी आहे, म्हणूनच त्यांतून चुकीचा निष्कर्ष निघू नये असे वाटते.

तुमच्याच वाड्यावरच्या मोठ्या मेंढ्या तोलून पाहा. त्या याच गायरानावर, याच पडीक रानात चरून वाढल्या आहेत आणि त्यांचे वजन २८ ते ३० किलोच्या आसपास भरेल. मग त्यांच्या मुली १६ किलोवर कशा थांबतील? आकडा गणिताने बरोबर आला आहे, अर्थ मात्र वेगळा आहे. तुमची कोकरे हिवाळ्याच्या तोंडावर जन्मली. ती तीन महिन्यांची झाली तेव्हा फेब्रुवारी-मार्च होता, सहा महिन्यांची झाली तेव्हा मे-जून. म्हणजे त्यांचे वय आणि रानातला उन्हाळा बरोबरीने वाढत गेले. वाढ मंदावली ती चारा संपल्यामुळे, पण वक्राला हे कळायला मार्ग नाही. त्याच्या एका बाजूला फक्त वय आहे, म्हणून त्याने सगळा दोष वयावर टाकला आणि 'हे जनावर आता पूर्ण वाढले' असे सांगितले. १६ किलो ही दख्खनी जातीची मर्यादा नाही, या वर्षीच्या मे महिन्यातल्या तुमच्या रानाची आहे.

आर-स्क्वेअर ०.९८ आला म्हणून हुरळून जाऊ नये. वजन दर वेळी आधीच्या वजनावरच चढत जाते, त्यामुळे वाढीच्या नोंदींना कोणताही वाकलेला वक्र छान बसतो. गोम्पर्ट्झ, लॉजिस्टिक, बर्टलान्फी, ब्रॉडी, सगळे ०.९५ च्या पुढे जातात. फरक दिसतो तो वाढीचा वेग सर्वाधिक कुठे होतो यात: लॉजिस्टिकमध्ये अंतिम वजनाच्या ५० टक्क्यांवर, गोम्पर्ट्झमध्ये सुमारे ३७ टक्क्यांवर, बर्टलान्फीमध्ये सुमारे ३० टक्क्यांवर, आणि ब्रॉडीच्या वक्रात असा बिंदूच नसतो. मेंढीसाठी गोम्पर्ट्झ मला सोयीचा वाटतो, कारण त्याचे आकडे जनावराकडे बघून पडताळता येतात. पण कोणता वक्र घ्यावा, हा इथला खरा प्रश्न नाही.

खरा प्रश्न आहे त्या वक्रातल्या कोणत्या गोष्टी जातीच्या धरायच्या आणि कोणत्या चाऱ्याच्या. माझे मत ठाम आहे: तीन पद्धतींची तुलना करायची असेल तर अंतिम वजन तिन्ही गटांना एकच धरा. ते जात आणि लिंग यांवरून ठरते, ते तुमच्या कळपातल्या अंगाने भरलेल्या प्रौढ मेंढ्यांवरून काढा. चाऱ्याने काय बदलते ते रोजच्या वाढीत दिसू द्या.

त्यासाठी गोम्पर्ट्झचे सूत्र वयातून काढून वजनात मांडा. रोजची शक्य वाढ = क × आजचे वजन × (अंतिम वजन ÷ आजचे वजन) याचा नैसर्गिक लॉग. यातला 'क' म्हणजे वाढीचा वेग ठरवणारा स्थिर आकडा. एक्सेलमध्ये हा लॉग एलएन या फंक्शनने मिळतो. यात वय कुठेही नाही. तुमच्या बंदिस्त मादी कोकरांवरून 'क' सुमारे ०.०१२ निघतो, अंतिम वजन ३० किलो धरून. मग ११ किलोच्या कोकराची शक्य वाढ दिवसाला सुमारे १३० ग्रॅम येते, १५ किलोवर १२५, २० किलोवर ९७ आणि २५ किलोवर ५५.

आता प्रत्येक गटाची मार्च ते मेमधली प्रत्यक्ष वाढ या शक्य वाढीशी ताडून बघा. चराईच्या गटाने ९० दिवसांत ३.५ किलो मिळवले, म्हणजे दिवसाला ३९ ग्रॅम. त्या वजनाला शक्य होते सुमारे १३०, म्हणजे त्यांना क्षमतेच्या ३० टक्केच मिळाले. अर्धबंदिस्त गटाने दिवसाला ७८ ग्रॅम घेतले, क्षमतेच्या सुमारे ६६ टक्के. बंदिस्त गटाचे १०५ ग्रॅम जवळजवळ पूर्ण क्षमतेइतके येतात, पण त्यात आश्चर्य नाही, कारण 'क' आपण त्यांच्यावरूनच काढला. तो गट इथे मोजपट्टी आहे. त्याहून चांगला चारा दिल्यावर कोकरे अजून वेगाने वाढली तर मोजपट्टी बदलावी लागेल.

या टक्केवारीचा उपयोग जूननंतर कळतो. पाऊस झाला, रान हिरवे झाले की १४.५ किलोच्या चराईच्या कोकरापुढे दिवसाला सुमारे १२५ ग्रॅम वाढीची जागा शिल्लक असते. २३.५ किलोच्या बंदिस्त कोकरापुढे उरते ती ६९ ग्रॅमची. दोघांचे वय एकच, तरी मागे राहिलेले कोकरू वेगाने वाढू शकते. धनगर मंडळी याला 'पावसाळ्यात कोकरू भरून येतं' म्हणतात, ते याच कारणाने खरे आहे. वयावर बांधलेल्या वक्रात ही भरपाई बसत नाही, वजनावर बांधलेल्या सूत्रात ती आपोआप येते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आईला दूध नसल्याने खुरटलेले कोकरू नंतर तितके भरून येत नाही. दुधावरच्या काळासाठी हिशेब वेगळा करा: आईचे साधारण ५ लिटर दूध म्हणजे कोकराचे १ किलो वजन. सहा आठवड्यांपर्यंत कोकराचे वजन मुख्यतः त्याच्या आईचा आहार सांगते. तुमच्या गटांची तीन महिन्यांची वजने ११, १३ आणि १४ अशी वेगळी आहेत, त्यात खुराकाचा वाटा किती आणि आयांच्या दुधाचा किती, हे महिन्याच्या वजनाशी ताडून बघायला हवे.

आता चाऱ्याच्या बाजूकडे येऊ. इथेच सगळे मॉडेल उभे राहते किंवा पडते.

मेमधला एक दिवस घ्या. १५ किलोचे कोकरू. नुसते जिवंत राहायला त्याला सुमारे ३.२ मेगाज्युल चयापचयी ऊर्जा (चाऱ्यातली अंगाला वापरता येणारी ऊर्जा) लागते. ही गरज वजनाच्या ०.७५ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, १५ किलोला तो घात ७.६ येतो आणि त्याला ०.४२ ने गुणले आहे. वाळलेल्या कुसळी गवतात किलोमागे ७.५ मेगाज्युल धरा, आणि कोकराने दिवसभरात कोरड्या वजनाने अर्धा किलो खाल्ले असे समजा. मिळाले ३.७५. त्याच चाऱ्यासाठी ते ८ किलोमीटर चालले, त्यात साधारण अर्धा मेगाज्युल गेला. ३.२ आणि ०.५ मिळून ३.७. हाती उरले जवळजवळ शून्य. तुमच्या चराईच्या गटाचे वजन मेमध्ये जागच्या जागी का राहिले, याचे उत्तर या बेरजेत आहे. पाण्यासाठी आणखी दोन किलोमीटर चालावे लागले तर ते कोकरू घटते.

आता त्याच कोकराला संध्याकाळी १५० ग्रॅम खुराक द्या. मका भरडा, शेंगदाणा किंवा सरकी पेंड, थोडी तूर चुणी, क्षार मिश्रण आणि मीठ असे मिश्रण किलोमागे ११ मेगाज्युल देते, म्हणजे १५० ग्रॅममधून १.६५. खुराक खाऊन आलेले कोकरू दुसऱ्या दिवशी रानात थोडे कमी चरते. समजा ५० ग्रॅम गवत कमी खाल्ले. निव्वळ वाढले १.२८ मेगाज्युल. यातला साधारण ४२ टक्के भाग अंगी लागतो, आणि या वजनाला १ किलो वाढीत सुमारे १२ मेगाज्युल साठतात. उत्तर येते दिवसाला ४५ ग्रॅम. तुमच्या पहिल्या दोन गटांतला प्रत्यक्ष फरक ३९ ग्रॅम आहे, म्हणजे हिशेब जमिनीला धरून आहे.

हाच १५० ग्रॅम खुराक ऑगस्टमध्ये दिला तर? हिरव्या गवतात किलोमागे १० मेगाज्युल असतात आणि कोकरू पोटभर चरते. खुराक मिळाला की ते १०० ग्रॅम गवत सहज सोडते. निव्वळ वाढ ०.६५ मेगाज्युल, अंगी लागते सुमारे २३ ग्रॅम. खुराक तोच, पैसे तेच, फळ निम्मे. म्हणून 'खुराकाने दिवसाला इतके ग्रॅम वाढतात' असा एकच स्थिर आकडा मॉडेलमध्ये घालू नका. खुराकाचे फळ रानात काय आहे यावर ठरते. महिन्यागणिक चाऱ्याची प्रत आणि खुराकामुळे सुटणारे गवत हे दोन आकडे तरी बदलते ठेवा.

उन्हाळ्यातल्या पेंडीचा आणखी एक गुण वरच्या ऊर्जेच्या बेरजेत दिसत नाही. वाळलेल्या गवतातली प्रथिने ३-४ टक्क्यांवर येतात. सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेले की पोटातल्या सूक्ष्मजीवांनाच नत्र पुरत नाही. गवत पचायला वेळ लागतो, पोट भरलेले राहते आणि जनावर रानात असूनही कमी खाते. अशा वेळी ६०-७० ग्रॅम पेंड दिली, किंवा सुबाभूळ, शेवरी, दशरथ घास यांचा मूठभर पाला दिला, तर कोकरू गवत सोडण्याऐवजी जास्त खाऊ लागते. पहिल्या ५० ग्रॅमचे फळ पुढच्या १०० ग्रॅमपेक्षा मोठे असते. पैसे कमी असतील तर मार्च ते जून या काळात थोडी पेंड रोज द्या. वर्षभर थोडा थोडा भरडा देण्यापेक्षा तिचा परतावा जास्त आहे. मला विचाराल तर तुमच्या भागातल्या मेंढीपालकासाठी या सगळ्या गणितातून निघणारी सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे.

ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने ग्राझफीड, ग्रासग्रो अशी तयार मॉडेले बांधली आहेत. त्यांची बैठक हीच आहे: जनावराची क्षमता एकीकडे, कुरणातून मिळणारे दुसरीकडे, आणि दोहोंत जे कमी ते वजनात उतरते. क्षमतेची बाजू गोम्पर्ट्झने मांडण्याचे काम एडिंबरोचे संशोधक एमन्स यांनी फार नीट केले. पण ती कुरणे रायग्रास आणि क्लोव्हरची, कुंपण घातलेली. आपल्याकडे मेंढी ज्वारीच्या धसकटात, बांधावरच्या पवन्यात, बाभळीच्या शेंगांवर, कांद्याच्या पातीवर जगते आणि रात्री वाघरीत (जाळीच्या कुंपणात) बसते. त्यांची रचना घ्या, आकडे घेऊ नका. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपाची चाल तर तुमच्या कळपापेक्षाही वेगळी. त्याच्यासाठी चालण्याचा खर्च आणि वाटेतला चारा वेगळा धरावा लागेल.

नर कोकरांना हेच आकडे लावू नका. दख्खनी नराचे अंतिम वजन ३८ किलो धरलेत तर 'क' थोडा खाली येतो, सुमारे ०.०११३. मोठ्या अंगाच्या जनावराला पूर्ण वाढायला जास्त दिवस लागतात. अंतिम वजन वाढेल तसा 'क' त्याच्या ०.२७ व्या घाताने घटतो, असा ढोबळ नियम आहे. जतकडची माडग्याळ कोकरे तुमच्याकडे असतील तर त्यांनाही याच नियमाने वेगळा 'क' द्या. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचे जुळे देणारे जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. तशी मेंढी कळपात असेल तर जुळे-एकटे ही नोंद सोडून चालणारच नाही. जुळे कोकरू जन्मतः हलके असते आणि दूधही वाटून पिते.

आता तुमच्या नोंदींतल्या तीन अडचणी, ज्यांवर मी सगळ्यात आधी बोट ठेवेन.

पहिली व्यापाऱ्याची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात व्यापारी वाड्यावर येतो आणि थोराड कोकरे उचलतो. त्यानंतर उरलेल्यांची सरासरी खाली येते, आणि वाढ थांबली असे आलेखात दिसते. एकही कोकरू घटलेले नसते. तुमच्या चराईच्या गटातून मार्चनंतर काही विकली गेली असतील तर १६ किलोच्या आकड्यात त्याचाही हात आहे. गटाची सरासरी काढून वक्र बसवू नका. प्रत्येक कोकराचा कानातला बिल्ला आणि त्याची स्वतःची वजने धरून रोजची वाढ काढा, मग सरासरी करा. आकडेशास्त्राच्या 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये एनएलएमई हे पॅकेज आहे, त्यात प्रत्येक कोकराचा वक्र आणि गटाचा वक्र एकाच वेळी बसवता येतो. तेवढे शिकून घ्या.

दुसरी अडचण गटांची. बंदिस्त गट एकाच गोठ्यात होता, चराईचा एकाच कळपात. त्यामुळे आकडेशास्त्राच्या दृष्टीने तुमच्याकडे प्रत्येक पद्धतीचा एकच नमुना आहे, कोकरे कितीही असोत. गोठ्यात हवा कशी होती, पाणी कुठे होते, हेही खुराकाच्या खात्यावर जमा झाले. जंतांचे तर विशेष. चराईवरची कोकरे पावसाळ्यात हिमोंकस हा रक्त पिणारा जंत गवताबरोबर गिळतात, बंदिस्त कोकरांना तो फारच कमी लागतो. जंतनाशक न देता केलेल्या तुलनेत खुराकाला जंताचेही श्रेय मिळते. पुढच्या वर्षी प्रत्येक पद्धतीचे निदान तीन वेगळे वाडे करा, शेजाऱ्यांना सोबत घ्या.

तिसरी अडचण काट्याची. मेंढीच्या वजनात पोटातला चारा आणि पाणी १० ते १५ टक्के, कधी त्याहूनही जास्त असते. वाळका चारा खाणाऱ्याचे पोट खुराक खाणाऱ्यापेक्षा जड. कोकरे नेहमी सकाळी, चरायला सोडण्याआधी आणि पाणी पाजण्याआधी तोला. पावसात भिजलेली लोकर घेऊन तोलू नका. एकाच कोकराचे दोन सकाळी लागोपाठ घेतलेले वजन अर्धा किलो इकडेतिकडे होते, म्हणून दोन्हींची सरासरी धरा.

सगळा कळप बंदिस्त करावा का, याचे उत्तर विकायच्या वजनात आहे. समजा जिवंत वजन किलोला ३५० रुपये, खुराक ३० रुपये आणि वाळका चारा १२ रुपये किलो. २५ किलोच्या मादी कोकराला रोज ४०० ग्रॅम खुराक आणि पावणेपाचशे ग्रॅम चारा धरला तर खर्च १८ रुपये येतो. ते वाढते ५५ ग्रॅम, म्हणजे १९ रुपयांचे. इथे तराजू समतोल आहे. २७ किलोला वाढ ३४ ग्रॅमवर येते, १२ रुपयांची, आणि खर्च मात्र वाढतो. म्हणजे या भावाला बंदिस्त मादी २५ किलोच्या पुढे ठेवणे तोट्याचे. नराची ही रेषा वर सरकते. तुमच्या बाजाराचे भाव घालून पुन्हा काढा. दुसऱ्या पारड्यात गोठ्याची मजुरी घाला, आणि शेतात मेंढ्या बसवण्याचे जे धान्य-पैसे मिळतात तेही घाला, कारण कळप बंदिस्त केला की ते उत्पन्न जाते. माझा कल अर्धबंदिस्ताकडे आहे: पैदाशीच्या माद्या रानात, विक्रीचे नर शेवटचे दोन-तीन महिने खुराकावर. नरांना भरड्याचा मारा करायचा असेल तर आंत्रविषाराची लस आधी, भरडा हळूहळू वाढवत, आणि खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. नाहीतर मुतखड्याने ऐन विक्रीच्या तोंडावर नर जातो.

एक्सेलमध्ये हे सगळे एका पानात बसते. एक ओळ म्हणजे एक दिवस. आजचे वजन, शक्य वाढ, चाऱ्यातून परवडणारी वाढ, दोहोंतली लहान घ्या आणि उद्याच्या वजनात मिळवा. चाऱ्यातून परवडणारी वाढ उणे आली तर वजन घटू द्या, शून्यावर अडवू नका. महिन्यागणिक चाऱ्याची प्रत पहिल्या वर्षाच्या वजनांवर जुळवा, आणि मग ते आकडे हात न लावता पुढच्या वर्षीच्या कोकरांवर चालवून बघा. ज्या वर्षावर मॉडेल जुळवले त्याच वर्षावर ते पारखणे म्हणजे पारख नव्हे.

आणि वजने आत्ताच थांबवू नका, दसऱ्यापर्यंत चालू ठेवा. चांगला पाऊस होऊन रान हिरवे झाले तर तुमच्या चराईच्या मादी कोकरांनी ऑगस्ट-सप्टेंबरात दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवे, म्हणजे दसऱ्याला ती १६ किलोच्या बरीच पुढे असतील. ती वाढ चाळीस ग्रॅमवरच अडली, तर चाऱ्यापेक्षा वेगळे काही तरी त्यांना धरून आहे. मग लेंड्यांची तपासणी करून घ्या, डोळ्याच्या आतली कड पांढरी पडली आहे का, जबड्याखाली सूज आहे का ते बघा, आणि त्या नोंदी महिन्याच्या वयापासूनच्या वजनांसकट मला पाठवा.